बारावीनंतरही एसटीचा पास मोफत हवा का?

शेवटचा_थांबा:
अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत पास मोफत. एफवायला गेली की मुलगी तीच, रस्ता तोच, पण भाड्याचे 33.33 टक्के भरा. मुलांना ते शाळेपासूनच भरावे लागतात. कॉलेजच्या शिपाई-क्लार्कना तर विद्यार्थी सवलतही नाही. 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवसांचा साधा पास. एकेरी 40 रुपये धरले तर महिन्याला 1600. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला परवडतं का हे? विद्यार्थी आणि कर्मचारी, दोघांनाही मोफत करा.

भारमान:
विरोध. आधी गाडी आहे का ते बघा. सकाळी कॉलेजच्या वेळेची एकच फेरी, ती मागच्या गावातच भरते आणि तुमच्या थांब्यावर थांबत नाही. तिथे फुकट पास दाखवणार कुणाला? शिवाय सवलतीची रक्कम सरकारकडून वेळेत आली नाही, की आगारात टायर, सुटे भाग अडतात आणि कात्री लागते कमी भारमानाच्या, म्हणजे कमी प्रवासी असलेल्या फेरीला. म्हणजे तुमच्याच परतीच्या.

शेवटचा_थांबा:
फेरी मागायला आकडा लागतो. जून 2025 पासून शाळा-कॉलेजांनी दिलेल्या याद्यांवरून पास तिथेच पोचवायचं ठरलंय. तीच यादी थांब्यांनुसार लावा. कुठून किती पोरं चढतात ते आगाराला कळेल. पास मोफत झाला तर वडापने, म्हणजे खासगी जीपने जाणारेही यादीत येतील.

म्युनिककर:
जर्मनीतही विद्यार्थ्यांना फुकट नाही. ज्या विद्यापीठांनी सेमेस्टर तिकीट घेतलंय तिथे ते सगळ्यांना सक्तीचं, देशभराच्या तिकिटाच्या 60 टक्के दरात. 2025 मध्ये मूळ तिकीट 58 युरो होतं, म्हणून महिन्याला 34.80, सहा महिन्यांचे 208.80 एकदम भरावे लागायचे. लोकल गाड्या, बस, ट्राम सगळं चालतं, आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी मात्र नाही. कर्मचाऱ्यांचं वेगळं: मालकाने किमान 25 टक्के उचलले की वर 5 टक्के सूट.

भारमान:
तिथे एका तिकिटावर देश फिरता येतो, आपला पास घर ते कॉलेज. सक्ती केली तर होस्टेलवाल्याने कशाला भरायचं? कर्मचाऱ्यांपुरता मालकाचा वाटा मात्र पटतो. संस्थेने चौथा हिस्सा उचलला तर 1600 चे 1200 होतात, त्यासाठी एसटीकडे जायलाच नको.

तिसरी_सीट:
पदवीच्या मुलींनी एक हिशोब करावा. रोज जात असाल तर पास. आठवड्यातून एकदाच प्रॅक्टिकलला जात असाल, तर महिला सन्मान योजनेतलं अर्धं तिकीट स्वस्त पडेल. आणि प्राचार्यांनो, प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, गाडी पाचला जाते; टाइमटेबल लावण्याआधी आगार व्यवस्थापकांना पत्र द्या.