जुन्या ट्रामला एक तार, मग निओच्या चित्रात दोन का?

पंचवटीकर:
परवा नाशिकच्या द्वारका चौकात अर्धा तास अडकलो होतो (नवीन काही नाही), टाइमपास म्हणून मोबाईलवर जुन्या मुंबईच्या ट्रामचे फोटो बघत बसलो. डोक्यावर एकच तार आणि टपावरून एक लांब दांडा तिला टेकलेला. २०२१ च्या बजेटनंतर आपल्या मेट्रो निओची (नाशिकसाठी ठरलेली विजेची बस-मेट्रो) जी चित्रं फिरत होती त्यात मात्र दोन तारा. घरात साधा बल्ब लावायला फेज-न्यूट्रल दोन्ही लागतात, मग ट्राम एका तारेवर कशी पळायची? आणि इलेक्ट्रॉनिक्स काहीच नव्हतं तर स्पीड कसा कमीजास्त करायचे? आमच्या घरी सांगतात की पणजोबा मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनला ट्रामने जायचे, ती पण अशीच का?

वाइंडिंगवाला:
दुसरी तार पायाखाली होती भाऊ! करंट तारेतून दांड्यात, तिथून मोटरमध्ये, मग चाकातून रुळात आणि रुळावरून परत पॉवरहाऊसला. निओ म्हणजे रबरी टायरची बस, टायरमधून करंट जाणार कसा, म्हणून तिला न्यूट्रलसाठी वर दुसरी तार लागते. बस एवढंच.

सुरुवातीला सीमेन्सने १८८१ मध्ये बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला जी ट्राम चालवली तिच्यात दोन्ही रूळच तारा होत्या, १८० व्होल्ट. रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसायला लागले, मग लोक तार वर न्यायच्या मागे लागले. ते नीट जमवलं फ्रँक स्प्रेगने, १८८८ ला अमेरिकेत रिचमंडला. दांड्याला खाली स्प्रिंग, टोकाला खाच असलेलं चाक, ते तारेला खालून वर दाबून धरायचं, त्यामुळे तार थोडी वरखाली झाली तरी संपर्क सुटत नाही. मोटरसुद्धा त्याने एका बाजूने अ‍ॅक्सलवर आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगवर टांगली, म्हणजे रस्त्याच्या धक्क्यांनी गिअरचे दात तुटत नाहीत.

इगतपुरी_लोकल:
स्पीडचं मी सांगतो, आमच्या काकांचं आयुष्य मोटरी रिपेअर करण्यात गेलं म्हणून घरात लहानपणापासून हेच ऐकलंय. ड्रायव्हरसमोर पितळी हँडलचा एक उभा डबा, कंट्रोलर. उभ्या गाडीला एकदम ५५० व्होल्ट दिले तर मोटर फिरत नसल्यामुळे करंटला अडवणारा उलटा व्होल्टेज तयारच होत नाही, करंट बेसुमार वाढतो आणि फ्यूज जातो. म्हणून हँडलच्या पहिल्या खाचेवर दोन्ही मोटरी सिरीजमध्ये, म्हणजे प्रत्येकीला अर्धेच व्होल्ट, शिवाय करंट रोखायला लोखंडी रेझिस्टन्स. खाच-खाच पुढे नेत रेझिस्टन्स काढत जायचं, मग मोटरी पॅरलल करायच्या, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण व्होल्ट, पुन्हा रेझिस्टन्स काढायचा. मधल्या खाचांवर हँडल ठेवून आरामात जाता येत नसे, रेझिस्टन्स लाल व्हायचा! काका म्हणायचे, नवशिका ड्रायव्हर वासावरून ओळखायचा.

जी.आय.पी. रेल्वेने (आताच्या मध्य रेल्वेची आधीची कंपनी) थळ घाटात १९३० च्या सुमारास लावलेली १५०० व्होल्ट डी.सी.ची इंजिनं याच तत्त्वावर चालायची, फक्त अंगाने दांडगी.

पंचवटीकर:
भारी! पण तारेवरून दांडा निसटला की? आणि शेवटच्या स्टॉपला गाडी वळवायची कशी?

वाइंडिंगवाला:
वळवायची नाहीच, दोन्ही टोकांना कंट्रोलर असायचा. फक्त दांडा नेहमी मागे रेललेला हवा, म्हणून कंडक्टर रस्त्यावर उतरून त्याची दोरी धरून गाडीला अर्धी फेरी घालायचा आणि चाक दुसऱ्या बाजूने तारेत बसवायचा. निसटला की दिवे गप्प, पुन्हा तीच दोरी. पावसात काय हाल होत असतील विचार कर. चाकं घसरायला लागली की रुळावर वाळू सोडायचे, पण वाळू जास्त झाली तर चाक आणि रूळ यांच्यात तीच इन्सुलेटर, गाडी जागेवर ठप्प!

गोदाकाठ:
एक सांगायचं राहिलं. रुळांचे जोड तांब्याने नीट बांधलेले नसले तर परतीचा करंट जमिनीत शिरून पाण्याच्या पाइपातून जायचा आणि जिथून बाहेर पडेल तिथे पाइप खाऊन टाकायचा. नगरपालिकांची भांडणं व्हायची त्यावरून.

आणि पणजोबांची ट्राम विजेची नाही हां. १८८९ ला सुरू झाली तेव्हा चार घोडे डबे ओढायचे, नंतर इंजिन आलं. मुंबईला मात्र १९०७ च्या मे महिन्यात विजेवर धावायला लागली होती.

पंचवटीकर:
म्हणजे नाशिकला अजून विजेची पहिली ट्रामच यायचीय. चला, द्वारका सुटलं वाटतं, नंतर वाचतो.