मदत हवी आहे: नुसत्या पाण्याच्या ग्रहावर जीव जगंल काय?

मंडळी, जरा मदत करा की. काल रंकाळ्यावर भेळ खाताना भाचा म्हणतोय, मामा, के२-१८बी ह्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर सगळा समुद्रच असला तर तिथं मासे असतील काय? आता १२४ प्रकाशवर्षं लांब, पृथ्वीच्या साडेआठ पट जड, २०२३ ला जेम्स वेब दुर्बिणीनं तिथं मिथेन नि कार्बन डायऑक्साइड टिपला, एवढं सांगितलं, आणि समुद्र हाय हेच अजून पक्कं नाही हे पण. पण पुढं गाडी अडली. समुद्र शेकडो किलोमीटर खोल असला तर दाबानं तळाला बर्फच होतो म्हणं, पाणी गरम असलं तरी! मग खालच्या दगडातलं फॉस्फरस, लोह वर पाण्यात येणार कुठनं? रंकाळ्यात जलपर्णी माजती ती पण खाद्य मिळतंय म्हणूनच की. त्या बर्फातनं क्षार वर झिरपत्यात काय? कुणी फिजिक्सवालं असलं तर सोप्या भाषेत सांगा, भाचा रविवारी परत येणाराय.