क्रिप्टोकोकस फुफ्फुसात एवढा मोठा आणि मणक्याच्या पाण्यात एवढा छोटा, असं का?

नवीपेठ_मायक्रो:
नमस्कार सगळ्यांना, मी सोलापुरातच एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स या बुरशीवर सेमिनार द्यायचाय. मणक्याच्या पाण्याच्या स्लाइडमध्ये ही बुरशी बघितलीय, गोल छोटी यीस्ट, पुस्तकात पण ४ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असंच दिलंय. पण उंदराच्या फुफ्फुसातले फोटो बघितले तर हीच पेशी ५० च्या पुढे, काही तर कॅप्सूल (पेशीभोवतीचं जाड आवरण) धरून १०० मायक्रॉनपर्यंत!! टायटन सेल म्हणतात म्हणे. मला कळत नाहीये की एवढं फुगून तिला मिळतं काय, कारण एवढी मोठी पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून मेंदूत जाणार कशी, आणि हा आजार तर मेंदूत पोचला की जिवावर उठतो.

लॅब_सातरस्ता:
ताई, मी टेक्निशियन आहे, थिअरी बाकीचे सांगतील. आपल्याकडे हा पेशंट बहुतेक वेळा डोकेदुखी, ताप, उलट्या घेऊन येतो, एचआयव्ही असतो आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची रक्तातली मोजणी) १०० च्या खाली गेलेलं असतं, म्हणजे आपल्या हातात येतं ते मणक्यातलं पाणी, फुफ्फुसाचा तुकडा नाही. पाणी सेंट्रिफ्यूज करायचं, खालच्या गाळाचा थेंब, शाईचा थेंब, कव्हरस्लिप, आणि शाई जास्त झाली की काही दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर गोल पेशी आणि भोवती स्वच्छ पांढरं वलय दिसतं, ते कॅप्सूल. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीभोवती पण कधीकधी वलयासारखं दिसतं पण त्याची कड पुसट असते, म्हणून कळी फुटलेली पेशी (यीस्ट अशी कळी फुटूनच वाढते) सापडेपर्यंत मी रिपोर्ट लिहीत नाही. या पाण्यात राक्षसी पेशी सहसा भेटतच नाहीत, तुमचा प्रश्न बरोबर जागेवर आहे.

बुरशीवाला_पीएचडी:
फार चांगला प्रश्न. आधी आकार डोळ्यासमोर आणा, ५ मायक्रॉनची पेशी ५० ची झाली तर व्यास दहापट पण आकारमान हजारपट, म्हणजे मंगळवेढ्याच्या ज्वारीचा दाणा आणि लिंबू शेजारी ठेवा. आता मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी आपली पेशी, स्वतःच जेमतेम १५-२० मायक्रॉनची, ती गिळणार काय? हा पहिला फायदा. दुसरं म्हणजे टायटनची भिंत जाड असते, त्यात कायटिन (बुरशीच्या भिंतीतला कडक पदार्थ) जास्त, आणि त्या कायटिनमुळे शरीराचा प्रतिसाद टीएच२ या प्रकाराकडे झुकतो, जो ॲलर्जीत कामाचा पण या बुरशीला मारायला कुचकामी. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की टायटन आजूबाजूला असल्या की साध्या आकाराच्या पेशी पण कमी गिळल्या जातात.

मेंदूचं म्हणाल तर टायटनला तिथं जायची गरजच नाही. ती फुफ्फुसात तळ ठोकते आणि तिला कळ्या फुटतात त्या छोट्या, साध्या आकाराच्या. मेंदूत पोचतात त्या छोट्या पेशी, काही मॅक्रोफेजच्या पोटात बसून सुद्धा. म्हणून फक्त "मोठी पेशी म्हणजे जास्त घातक" असं सेमिनारमध्ये लिहू नका प्लीज, राहायला मोठी आणि पसरायला छोटी, दोन्ही मिळून आजार होतो. २०१० मध्ये दोन गटांनी टायटनवर सविस्तर काम छापलं, २०१८ मध्ये त्या प्राण्याशिवाय नुसत्या डिशमध्ये बनवायच्या रीती आल्या, ते दोन्ही टप्पे घ्या.

तुलनेला कॉक्सिडिऑइडिस ही दुसरी बुरशी पण बघा, आपल्याकडची नाही, अमेरिकेच्या कोरड्या भागातली. श्वासातून ३-५ मायक्रॉनचा तुकडा आत जातो, फुफ्फुसात ६०-१०० मायक्रॉनचा गोळा होतो, फुटला की शेकडो छोटे एंडोस्पोर (आत तयार झालेले बीजाणू) बाहेर. हिस्टोप्लाझ्मा ही तिसरी बुरशी, नेमका उलटा प्रकार, २ ते ४ मायक्रॉनचीच राहते आणि मॅक्रोफेजच्या आतच संसार मांडते.

जुना_वाडा:
मी यातला नाही पण वाचून धडकी भरली. ही बुरशी पारव्यांच्या विष्ठेत असते म्हणे, आणि आमच्या वाड्याच्या माळ्यावर ती साठलीय, आणि घरात काकांना एचआयव्ही आहे, औषध चालू आहे. काय करू?

लॅब_सातरस्ता:
दादा, घाबरू नका. ही बुरशी बऱ्याच जणांच्या श्वासात जाते आणि चांगली प्रतिकारशक्ती तिला दाबून टाकते. पण काकांना ते काम करायला लावू नका, झाडताना तिकडं फिरकू पण देऊ नका. विष्ठा कोरडी झाडायची नाही, आधी पाणी मारून ओली करायची, मास्क लावायचा, मग खरवडायची. काकांचं सीडी४ किती आहे ते एआरटी सेंटरला (जिथून त्यांची एचआयव्हीची औषधं मिळतात) विचारा, १०० च्या खाली असेल तर रक्ताची क्रिप्टोकोकल अँटीजेन टेस्ट करतात, पट्टीवर होते, डोकं दुखायला लागायच्या कितीतरी आधी सापडतं. आणि गोळ्या एक दिवस पण चुकवू देऊ नका.

नवीपेठ_मायक्रो:
खूप धन्यवाद सर आणि दादा. एकच, टायटन पेशी नुसती पाण्यानं फुगते का? फोटोत मध्ये मोठी व्हॅक्युओल (पेशीतली पाण्याची पिशवी) दिसतेय.

बुरशीवाला_पीएचडी:
व्हॅक्युओल आहे मोठी, पण नुसतं पाणी नाही. पेशी डीएनएची प्रत काढते पण कळी सोडत नाही, परत प्रत, परत प्रत, म्हणजे केंद्रक एकच आणि क्रोमोसोमचे संच ४, ८, १६, कधी त्याहून जास्त. मग कळ्या सोडताना वाटणी दरवेळी सारखी होत नाही, काही पिल्लांत एखादा क्रोमोसोम जास्तीचा जातो, आणि त्यातली काही फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला दाद देत नाहीत. सेमिनारमध्ये वेळ कमी पडला तर कॉक्सिडिऑइडिस गाळा, हे गाळू नका.