सेन्सरलेस ब्रशलेस मोटर अगदी संथ फिरवून एका जागी धरून ठेवता येते काय?

प्रश्न (मकरपुरा, बडोदे):
नमस्कार. मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहान वर्कशॉपमध्ये बाटल्यांना लेबल लावणारे यंत्र तयार होत आहे. त्याची फिरती तबकडी आठ ठिकाणी थांबते आणि लेबल दाबले जाईपर्यंत ती जराही हलता कामा नये. सध्या ड्रोनची १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेऱ्या) १४ पोलांची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर, १२ व्होल्टचा सेन्सरलेस ईएससी (जागा सांगणाऱ्या सेन्सरशिवाय मोटर चालवणारा वेगनियंत्रक) आणि ५:१ चा टायमिंग बेल्ट अशी जुळणी आहे. तबकडीचा वेग मिनिटाला १२ फेऱ्यांचा हवा. परंतु थ्रॉटल कमी केले की मोटर थरथरते, कधी उलटा झटका देते आणि थांबल्यावर तबकडी बोटानेही सरकते. ईएससीचे सेटिंग बदलून हे जमेल काय?

उत्तर (अलकापुरी):
सेटिंगने जमणार नाही. सेन्सरलेस ईएससी रोटरची (मोटरच्या फिरत्या भागाची) जागा बॅक ईएमएफवरून, म्हणजे तीन वाइंडिंगपैकी ज्या फेजमध्ये त्या क्षणी प्रवाह सोडलेला नसतो तिच्यात निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो, आणि हे व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असते. तबकडीच्या १२ फेऱ्यांसाठी मोटर ६० फेऱ्या फिरणार. १००० केव्हीच्या हिशेबाने दोन तारांमध्ये जेमतेम ०.०६ व्होल्ट मिळतील, आणि तेही १२ व्होल्टच्या पीडब्ल्यूएमच्या (वेगाने चालू-बंद होणाऱ्या पुरवठ्याच्या) गोंगाटात शोधायचे. थांबलेल्या मोटरमध्ये तर ते शून्यच असते. म्हणूनच सुरुवातीला ईएससी रोटर एका जागी ओढून घेतो, मग अंदाजाने फेज बदलत वेग वाढवतो. आपल्याला दिसणारी थरथर आणि उलटा झटका याच टप्प्यातला आहे.

प्रश्नकर्ता:
मोटरला तीन हॉल सेन्सर (रोटरच्या चुंबकांची जागा ओळखणारे) बसवले तर?

उत्तर (अलकापुरी):
संथ गती सुधारेल, सुरुवातही नीट होईल. पण आपल्या आठ जागा हॉलच्या पायऱ्यांवर बसत नाहीत. प्रत्येकी सहा पायऱ्या देणाऱ्या सात पोल-जोड्यांमुळे मोटरच्या एका फेरीत ४२ पायऱ्या, बेल्टनंतर तबकडीच्या फेरीत २१०, आणि त्यांना आठाने भागले की २६.२५. मोटरच्या शाफ्टवर १२ बिटांचा चुंबकीय एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) आणि एफओसी ड्रायव्हर (त्या कोनानुसार प्रवाह नियंत्रित करणारा) लावला तर हा प्रश्न सुटतो, पण ही मोटर उभी राहून टॉर्क (फिरवणारा जोर) देताना तापेल, हे ध्यानात ठेवावे. वाइंडिंगचा रोध ०.१ ओहम धरला तरी अवघ्या ०.६ व्होल्टला ६ अँपिअर प्रवाह वाहतो. फिरत नसल्याने ३.६ वॉट नुसती उष्णता होते, आणि ड्रोनमध्ये मिळणारा पंख्याचा वारा इथे नाही.

उत्तर (दांडिया बाजार):
वरील विवेचन योग्य आहे, तरीही या कामासाठी एफओसीचा खटाटोप मला अनाठायी वाटतो. तोच बेल्ट ठेवून नेमा २३ या प्रमाणित मापाची स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) लावावी. तिच्या २०० पावलांचे ५:१ मुळे १००० होतात आणि प्रत्येक जागेसाठी बरोबर १२५ येतात. शिवाय मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वेगाला स्टेपरचा टॉर्क चांगला असतो आणि उभ्या अवस्थेत प्रवाह चालू ठेवला की ती जागा धरून ठेवते. भरलेल्या बाटल्यांचे वजन मोठे असेल तर वेग हळूहळू वाढवावा व कमी करावा, नाहीतर पावले चुकतात. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये मोटर थांबली की प्रवाह निम्मा करण्याची सोय असते. लेबलचा दाब जास्त असेल तर ती बंद करावी लागेल. वीज गेल्यानंतर तबकडी कोठे आहे हे स्टेपरलाही कळत नाही, म्हणून तबकडीच्या काठावर एक खूण आणि समोर ती ओळखणारा एक प्रॉक्सिमिटी सेन्सर हवाच.