साइनिंग डे: शाळेने टेबल नक्की कुणासाठी मांडायचं?

जर्सीकर

नोव्हेंबरचा दुसरा बुधवार आला की अमेरिकेतल्या हायस्कूलांच्या जिममध्ये तोच देखावा: साइनिंग डे, म्हणजे कॉलेजच्या संघात खेळायला जाणाऱ्या मुलांच्या सहीचा समारंभ. लांब टेबल, त्यावर शाळेच्या रंगाचं कापड, समोर कॉलेजच्या टोप्या, मागे फुगे, दोन्ही बाजूंना आईवडील आणि मधे बारावीचं पोर हातात पेन धरून कॅमेऱ्याकडे बघतंय. अमेरिकन फुटबॉलचा मुहूर्त तेवढा वेगळा: डिसेंबरचा पहिला आठवडा, राहिलेल्यांचा फेब्रुवारी.

या सोहळ्याखालचा कागदच आता गेलेला आहे. १९६४ पासून नॅशनल लेटर ऑफ इंटेंट होतं, म्हणजे ‘याच कॉलेजात येईन’ असं बांधील पत्र. त्यावर सही झाली की इतर कॉलेजांनी त्या मुलामागे लागायचं नाही, आणि मुलाने शब्द मोडला तर त्याला खेळाचा एक हंगाम गमवावा लागायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या संस्थेने, ते बंद केलं. आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर, आणि तीही बहुतेक वेळा फोनवर, सकाळीच. दुपारी जिममध्ये ज्यावर पेन टेकवलं जातं तो कागद शोभेचा.

शिवाय टेबलावर बसलेल्या कित्येकांकडे असा करारच नसतो. डिव्हिजन ३ मध्ये (एनसीएएच्या तीन श्रेणींतली शेवटची) खेळाची शिष्यवृत्ती नाही, हार्वर्ड-येलच्या आयव्ही लीगमध्ये नाही, वॉक-ऑनला, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेल्याला, तर नाहीच नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना मात्र वाटतं की प्रत्येकाची फी माफ झाली.

माझं मत: नोव्हेंबरचा हा कार्यक्रम बंद करावा. मे महिन्यात एकच दिवस ठेवावा, आणि त्यात कॉलेज, वेल्डिंगची अप्रेंटिसशिप, सैन्य, खेळ, सगळे एका रांगेत.

तिसरी बेल

असहमत. शोभेचा कागद ही फसवणूक आहे असं तुम्ही धरून चालला आहात. डिव्हिजन ३ साठी एनसीएएने स्वतःच एक फॉर्म काढलेला आहे. तो कुणालाच बांधील नाही, फक्त आनंदासाठी आहे. आपल्याकडे गुणवंतांच्या सत्कारात शाल-श्रीफळ देतात, त्या नारळाची पावती कुणी मागत नाही.

फुटबॉलवाल्यांना दर शुक्रवारी रात्री बँड, चीअरलीडर आणि भरलेलं स्टेडियम मिळतं. पहाटे साडेपाचला तलावात उतरणाऱ्या मुलीच्या शर्यती बघायला आईवडील आणि स्टॉपवॉच धरलेले स्वयंसेवक एवढेच असतात. चार वर्षांत शाळा तिच्यासाठी एकदा टाळ्या वाजवते. तेवढंही काढून घ्यायचं?

मे महिन्याचं म्हणाल, तर पहिले दोन आठवडे कॉलेज पातळीच्या एपी परीक्षांचे. नंतर प्रॉम, अंतिम परीक्षा, पदवीदान. बारावीची मुलं तोवर मनाने शाळेतून गेलेली असतात. कार्यक्रम होईल, पण हॉल रिकामा.

हिशोबनीस

तिसरी बेल, त्या फॉर्मची एक अट तुम्ही गाळलीत. कॉलेजने प्रवेश दिल्यानंतरच तो सही करायचा असतो, आणि नेमकं तिथेच नोव्हेंबर अडतो.

निवडक डिव्हिजन ३ कॉलेजांत खेळाडू बहुतेक अर्ली डिसिजनमधून जातात, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं अशा बोलीवर लवकर अर्ज करून. अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरला, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. म्हणजे नोव्हेंबरच्या त्या बुधवारी मुलाच्या हातात काय असतं? प्रशिक्षकाचा शब्द, आणि प्रवेश कार्यालयाने आधी मार्क पाहून दिलेला अंदाज. त्याला प्रवेश म्हणत नाहीत. आयव्हीमध्ये थोडी बरी स्थिती आहे, कारण १ ऑक्टोबरपासून लाइकली लेटर, म्हणजे ‘प्रवेश जवळपास नक्की’ असं पत्र, येऊ शकतं. ते प्रवेश कार्यालयाचं असतं, प्रशिक्षकाचं नव्हे, त्यामुळे त्याला वजन आहे. बाकीच्यांनी टोपी घालायची आणि पाच आठवड्यांनी नकार आला तर? तो फोटो शाळेच्या इन्स्टाग्रामवर तसाच राहतो.

आता पैसे. पुरुषांच्या बेसबॉलला डिव्हिजन १ मध्ये वर्षानुवर्षं संघामागे ११.७ शिष्यवृत्त्या होत्या, पुरुषांच्या टेनिसला ४.५. त्या अख्ख्या संघात तुकडे करून वाटल्या जायच्या. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या हाउस खटल्याची तडजोड ६ जून २०२५ ला मंजूर झाली आणि १ जुलैपासून, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी, शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठून संघातल्या डोक्यांची मर्यादा आली: फुटबॉल १०५, बेसबॉल ३४. मर्यादा उठली म्हणजे तिजोरी भरली असं नाही. उलट वॉक-ऑन मुलांच्या जागा गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये थाटात टेबलावर बसलेल्या काही मुलांना २०२५ च्या वसंतात ‘आता जागा नाही’ असं कळवण्यात आलं. न्यायाधीशांनी आग्रह धरल्यावर अशा मुलांना मर्यादेबाहेर मोजण्याची सोय तडजोडीत घातली गेली. पण परत घ्यायचं की नाही हे कॉलेजच्याच मर्जीवर.

उभा छेद

जर्सीकरांच्या ‘सगळे एका रांगेत’ला माझा विरोध आहे, पण वेगळ्या कारणाने. व्हर्जिनियातल्या हेन्रिको काउंटीच्या शाळांनी २०१८ मध्ये तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलांचा स्वतंत्र साइनिंग डे केला. तेच टेबल, त्याच टोप्या, फक्त शेजारी प्रशिक्षकाऐवजी नोकरी देणाऱ्या कंपनीचा माणूस. देशभर गाजला, कारण तो त्या मुलांचाच दिवस होता. तीनशे मुलांच्या रांगेत प्रत्येकाला सहा सेकंद मिळाले असते, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. कॉलेजला जाणाऱ्या सगळ्यांसाठी मिशेल ओबामांच्या रीच हायर मोहिमेतला मेमधला दिवस आहेच. तो चालू ठेवा, पण खेळाडूंना त्यात कोंबू नका.

कोपऱ्यातली खुर्ची

मूळ वाद चालू द्या. शाळेने करायचंच ठरवलं तर काय बिघडतं ते सांगतो.

एक, तारखा दोन हव्यात. नोव्हेंबर फक्त त्यांचा, ज्यांच्याकडे लेखी करार किंवा लाइकली लेटर आहे. दुसरी एप्रिलच्या शेवटी: डिव्हिजन ३, ज्युनिअर कॉलेज (अमेरिकेतलं, बारावीनंतरचं दोन वर्षांचं), उशिरा ठरलेले. एकच तारीख ठेवली की मुलं टेबलावर बसण्यासाठी घाईने तोंडी होकार देतात. तोंडी होकार मुलालाही बांधत नाही आणि कॉलेजलाही.

यादी प्रशिक्षकाने करायची नाही. ॲथलेटिक डायरेक्टरने दोन आठवडे आधी प्रत्येकाकडून कागद मागवायचा आणि काउन्सेलरने तो पाहायचा. २००८ मध्ये नेव्हाडातल्या फर्नलीत एका मुलाने भरल्या जिममध्ये टोपी निवडली, आणि त्याला कुठल्याच कॉलेजने बोलावलेलं नव्हतं. एका फोनने तो प्रकार टळला असता. काउन्सेलरने त्याच बैठकीत एनसीएएकडची पात्रतेची नोंदही पाहावी. डिव्हिजन १ ला १६ मुख्य विषय लागतात आणि त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण लागतात. ते नसतील तर टोपी कितीही छान दिसो, पहिल्या वर्षी मूल सामना खेळणार नाही.

वेळ: माणशी दोन मिनिटं. एक मिनिट प्रशिक्षक, अर्धं मिनिट मूल, बाकी फोटो. वीस मुलं म्हणजे चाळीस मिनिटं, एक तास बुडाला. याहून जास्त असतील तर शाळा सुटल्यावर करा. प्रशिक्षकाला माइक मोकळा दिला की तो दहावीतल्या सामन्यापासून सुरुवात करतो, म्हणून मजकूर आधी लिहून घ्या. कॉलेजचा प्रशिक्षक येणार नाही, बोलावूही नका. असल्या कार्यक्रमाला हजर राहायला त्यांना एनसीएएच्या नियमानेच बंदी आहे.

नावं. ‘ज्ञानदा’ किंवा ‘कृत्तिका’ माइकवर पहिल्यांदा वाचायला दिलं की काय होतं ते मराठी पालकांना सांगायला नको. उच्चाराप्रमाणे तुकडे पाडून, ज्यावर जोर द्यायचा तो तुकडा ठळक करून कार्ड द्या आणि आदल्या दिवशी निवेदकाकडून वाचून घ्या.

आणि टायटल नाइन, म्हणजे शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा, विसरू नका. मुलांच्या फुटबॉलला जिम आणि केक, मुलींच्या गोल्फला ग्रंथालयाचा कोपरा, हा प्रसिद्धीतला भेदभाव ठरतो. केकचे पैसे बूस्टर क्लबने (संघासाठी निधी जमवणाऱ्या पालकांच्या मंडळाने) दिले ही सबब चालत नाही, समतोल राखणं शाळेचंच काम.

पूर्व किनारा

फेन्सिंग, स्क्वॉश यात आपली बरीच मुलं असतात, आणि शाळेत बऱ्याचदा तो संघच नसतो. ‘आमचा खेळाडू नाही’ म्हणून काही शाळा टेबलावर जागा देत नाहीत. क्लबमधून खेळलेल्यांना घ्यायचं की नाही, हे सप्टेंबरातच लेखी ठरवा. ऐनवेळी निघालेलं भांडण फार कडवट होतं.

बाकी एनसीएएच्याच आकड्यांप्रमाणे हायस्कूल खेळाडूंपैकी साधारण ७ टक्के कुठल्याही पातळीवर कॉलेजात खेळतात, डिव्हिजन १ मध्ये सुमारे २ टक्के. इतक्या कमी मुलांचा अर्धा तास खुपतो कुणाला?

जर्सीकर

कमी मुलं आहेत म्हणूनच खुपतो! उरलेले ९३ टक्के त्याच जिममध्ये बसून बघत असतात. मे जमत नसेल तर एप्रिलचा शेवट चालेल. पण नोव्हेंबर ठेवणार असाल तर टेबलावर प्रत्येकापुढे पाटी हवी: शिष्यवृत्ती, वॉक-ऑन की डिव्हिजन ३.

तिसरी बेल

पाटी कदापि नको. कुणाला किती आर्थिक मदत मिळते ही त्या घरची खासगी गोष्ट आहे. शाळेच्या नोंदीतली अशी माहिती लेखी संमतीशिवाय जाहीर करायला फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याच्या कायद्याची आडकाठी येते. मूल अठरा वर्षांचं झालं की ती संमती त्याची, आईबापांची नव्हे. वॉक-ऑन मुलाच्या पुढ्यात तशी पाटी ठेवणं म्हणजे भर जिममध्ये त्याची पायरी दाखवणं.

हिशोबनीस

पाटीची गरजच नाही. निवेदकाच्या कागदावरून ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द सगळ्यांसाठीच खोडा, फुटबॉलवाल्यांसाठीसुद्धा. ‘अमुक कॉलेजात पोहणार आहे, जीवशास्त्र शिकणार आहे’ एवढं वाक्य पुरे. आणि फोटोखाली शाळेने ‘साइन केलं’ लिहायचं ते फक्त करार झालेल्यांसाठी, बाकीच्यांसाठी ‘जाणार आहे’.

तिसरी बेल

पहिलं मान्य. दुसऱ्याने तुम्ही पाटीच मागच्या दाराने आणताय.