एसईओला मराठीत काय म्हणावं? (आणि दुकान ‘वर गेलं’ की ‘वर आलं’?)

उदगीरकर:
लातूर-उदगीरकडच्या छोट्या दुकानदारांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय. तुमची वेबसाइट गुगलवर वरती कशी दिसेल, असा विषय. पहिल्याच ओळीत गाडी अडली. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशनला, म्हणजे एसईओला, ‘शोधयंत्र इष्टतमीकरण’ असं लिहून मामांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “हे कशाचं मशीन इकूलालास?” पुढे ‘तुमचं दुकान वर जाईल’ असं होतं, ते त्यांनी समोर बसून खोडायला लावलं. कुणी शब्द सुचवा.

निवृत्त मास्तर, परभणी:
मामांना नमस्कार सांगा. मराठीत माणूस वर गेला की तेराव्याचं बोलावणं येतं. ‘वर येणे’ लिहा. पाऊस झाला की पीक वर येतं, गरिबाघरचं पोर शिकून वर येतं, तसं दुकान वर येऊ द्या.

‘इष्टतम’ हा गणिताचा शब्द, तिथेच शोभतो. ‘शोधयंत्र अनुकूलन’ही वाचण्यात आलंय, पण समास सोडवून बघा. ‘शोधयंत्राचे अनुकूलन’ असा विग्रह केला तर आपण गुगललाच आपल्या बाजूला वळवून घेतोय असा अर्थ निघतो. बदलायचं आहे आपलं पान, शोधयंत्रासाठी. इंग्रजी नावातही हीच गफलत आहे, रुळली म्हणून खपते. मला ‘शोधसुलभता’ बरा वाटतो. त्यात कुणाला वळवणं नाही, शोधणाऱ्याला सोपं जावं एवढंच आहे.

मोसंबीवाला, जालना:
गुरुजी, शोधसुलभता मान्य. पण आमच्या बाजारात सरळ म्हणतात, ‘माझं दुकान गुगलवर घावत नाही.’ आता कीवर्डचं, म्हणजे गिऱ्हाईक गुगलवर जे टाइप करतं त्या शब्दाचं, सांगा. ‘कळशब्द’ नको, कळ पोटात येते. ‘बीजशब्द’ कसा वाटतो? जालन्यात बियाण्यांच्या एवढ्या कंपन्या आहेत, लोकांना पटकन कळेल.

वसमतची हळद:
दादा, ऐकायला गोड आहे, पण अर्थ उलटा होतो. बी आपण पेरतो. कीवर्ड मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडी आधीच असतो, आपण फक्त तो ओळखायचा. मी हळद ऑनलाइन विकते. पहिल्यांदा पानावर ‘शुद्ध हरिद्रा चूर्ण’ लिहिलं होतं. कोण शोधतंय हरिद्रा? माणसं ‘हळद पावडर भाव’ टाइप करतात, तेही बरेचदा रोमन लिपीत. म्हणून मी ‘शोधशब्द’ म्हणते.

आपल्या भागात तर गावांच्या नावांपासून गंमत आहे. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावं २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलली, पण बोटांची सवय कागदावरच्या तारखेला बदलत नाही. हिमरू शाल विकणाऱ्याने छत्रपती संभाजीनगर लिहावंच, पण ‘पूर्वीचं औरंगाबाद’ हेही एखाद्या वाक्यात असू द्यावं. एखाद्या म्हणतेय मी, दर ओळीत नव्हे. शब्द ठासून भरले की पान वाचवत नाही आणि गुगललाही ते फसवणूक वाटतं. पानाच्या पोटात वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी असते, ती क्रम लावताना आम्ही बघत नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी मला एका ‘तज्ज्ञा’ने नेमके तिचेच पैसे लावले होते.

उदगीरकर:
ताई, शोधशब्द घेतला. रँकिंगला ‘मानांकन’ चालेल का?

वसमतची हळद:
अजिबात नको. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, दादांच्या जालना मोसंबीलाही ते आहेच. उद्या तुमचा दुकानदार विचारेल, मानांकन तर मिळालं, मग माझं पान पहिलं का नाही? साधा ‘क्रम’ लिहा.

मोसंबीवाला, जालना:
क्रमावरून आठवलं. ‘पेजरँक’ म्हणजे पानाचं वजन ठरवायची गुगलची पद्धत, तिचं मराठी कुणी ‘पानक्रम’ करतात. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ही पद्धत बसवली, १९९८ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यातलं ‘पेज’ हे लॅरीचं आडनाव. पान हा अर्थही फिट बसला, हे त्याचं नशीब. आडनावाचं भाषांतर करू नका, नाहीतर कुलकर्ण्यांचं काय कराल?

उदगीरकर:
क्रॉलिंग, इंडेक्सिंग राहिलं. ‘रांगणे’ लिहू का?

निवृत्त मास्तर, परभणी:
रांगतं ते लेकरू. पीकपाहणी डोळ्यांपुढे आणा. आधी शेतात काय उभं आहे त्याची पाहणी, मग सातबाऱ्यावर नोंद. गुगलचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, पानांवर फिरतो ती पाहणी, त्यांच्या साठ्यात पान चढतं ती नोंद. क्रम त्यानंतर, कुणी काही शोधलं की त्या वेळी लागतो. नोंद झाली म्हणजे वरचा क्रम मिळाला असं नाही, हे दुकानदाराला याच शब्दांत सांगा. शेतीवाल्या माणसाला नोंद आणि भाव यांतला फरक शिकवावा लागत नाही.

आता माझा आवडता शब्द. लिंकला ‘दुवा’ आपण सगळेच म्हणतो. पण आपला मुलूख निजामाच्या राज्यातला, उर्दू घरोघर मुरलेली. इथे दुवा म्हणजे आशीर्वादही. ‘गरिबाचा दुवा घ्यावा’ म्हणतात. बॅकलिंक नेमकी दोन्ही आहे. दुसऱ्याने आपल्या पानाचा पत्ता स्वतःच्या पानावर दिला, ती साखळीतली कडी झाली आणि चांगला शब्दही झाला. पेजरँकचा पायाच तो: कोण किती दुवे देतं, आणि देणाऱ्याला स्वतःला किती मिळालेत. घाऊक भावात विकत घेतलेल्या दुव्यांवर २०१२ मध्ये गुगलच्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने गदा आली. पैसे देऊन घेतलेला दुवा लागत नाही, हे आमची आजी गुगलच्या आधीपासून सांगत होती.

वसमतची हळद:
वा गुरुजी! मग बॅकलिंकला ‘मागदुवा’ कशाला, ‘मिळालेला दुवा’च लिहू या. पत्त्यावरून अजून एक. पानाच्या पत्त्यात ‘हळद’ देवनागरीत ठेवायला हरकत नाही, पण तो कुठे चिकटवला की बरेचदा टक्क्यांच्या खुणांची माळ होते. युनिकोडमध्ये एकेका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन चिन्हं. तीन अक्षरांची हळद २७ चिन्हांची होते. गिऱ्हाइकाला व्हायरस वाटतो.

उदगीरकर:
झालं तर मग. शीर्षक: ‘शोधसुलभता: दुकान वर कसं येईल?’

मोसंबीवाला, जालना:
थांबा भाऊ. हे पत्रक नेटवर टाकणार ना? ‘शोधसुलभता’ कोण शोधणार आहे? लोक ‘एसईओ म्हणजे काय’ असंच टाइप करतात. ताईंच्या हरिद्रेसारखं होईल.

उदगीरकर:
हे लक्षातच आलं नाही! मग शीर्षकात एसईओ, पोटात शोधसुलभता. मामांना पुन्हा वाचून दाखवतो.