मदत हवी आहे: आनंदीबाईंची कादंबरी आणि चरित्रं यांचा ताळा कसा घ्यायचा?

डॉ. आनंदीबाई जोशींवरची पुस्तकं लागोपाठ वाचली. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' पकड घेते, पण ती कादंबरी. बंद दाराआडचे संवाद लेखकाचे. ते पुरावा म्हणून उद्धृत केले की घोळ सुरू. कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजी चरित्र १८८८चं, म्हणजे मृत्यूनंतर लगेचचं. त्यातली पत्रं मोलाची, सूर मात्र फारच गौरवाचा. काशीबाई कानिटकरांचं मराठी चरित्र मला त्याहून जिवंत वाटलं.

आता प्रत्येक प्रसंगापुढे आधार लिहितेय: पत्र, आठवण की कल्पना. जन्म १८६५, पदवी १८८६, मृत्यू १८८७. या तारखांशी वय जुळवलं की बऱ्याच चुका सापडतात. अडतंय ते असं: एकच प्रसंग दोन पुस्तकांत असेल, पण दोन्हींचं मूळ एकाच माणसाच्या आठवणीत असेल, तर तो पुरावा एकच धरायचा ना? आणि तळटीपा नसलेल्या पुस्तकात हे मूळ ओळखायचं कसं? शब्दरचनेतलं साम्य पुरेसं मानता का?

मूळ पत्रव्यवहार मराठीत एकत्र छापलेला असेल तर तेही सांगा. चित्रपट, मालिका नकोत.